कोरडवाहू तूर आणि आपला दोन एकरांचा तुकडा

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)

 

आजच्या मंगल दिनी तूर पिकासारखा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, याचे काही जणांना आश्चर्य वाटले असेल. परंतु पंचांगाकडे नव्हे, शिवाराकडे पाहिले तर दिवस योग्यच आहे. आपण येथे या सभागृहात बसलो असताना मराठवाड्यात परतीचा पाऊस संपत आला आहे, सोयाबीनची काढणी चालू आहे आणि त्या सोयाबीनच्या ओळींमधली तूर कळीवर येत आहे. पुढील दोन महिन्यांत त्या झाडाला जमिनीतली ओल पुरली, तर आपल्या नातेवाइकांच्या घरी वर्षाची डाळ येईल आणि चार पैसेही येतील. नाही पुरली, तर तुराट्या तेवढ्या हाती लागतील. आपल्यापैकी अनेकांचे बालपण तुराट्यांच्या कुडाच्या घरात गेले आहे. त्यामुळे या पिकाची ओळख करून देण्याची गरज नाही.

एक आक्षेप आम्हांला आधीच ऐकू येतो. बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडावयास सांगितले. मग पुन्हा मातीची चर्चा कशासाठी? आक्षेप खरा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याविषयी काढलेले कठोर उद्गार आपण जाणतो. परंतु ज्यांना खेडे सोडता आले नाही, त्यांना बाबासाहेबांनी कधीही सोडले नाही. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन विधेयक आणले, १९३७ साली खोतीविरोधी विधेयक मांडले, आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती गावकऱ्यांना जातिभेद न करता सामूहिक रीतीने कसण्यास द्यावी, अशी मागणी केली. आपण शिकलो, बाहेर पडलो, सातासमुद्रापलीकडे आलो. आपले चुलते, मावश्या आणि मेहुणे मात्र आजही त्या दोन एकरांवर आहेत.

आजच्या विषयाचे सूत्रही बाबासाहेबांच्याच एका लेखात आहे. १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यांवरील उपाय या विषयावर त्यांनी इंग्रजीत निबंध लिहिला. शेताचा तुकडा लहान की मोठा हे केवळ एकरांवरून ठरत नाही, हा त्या निबंधाचा गाभा आहे. त्या तुकड्याच्या जोडीला भांडवल, अवजारे आणि इतर साधने किती आहेत, यावरून ते ठरते. साधनांवाचून मोठे शेतही तोट्याचे, आणि पुरेशा साधनांनिशी छोटे शेतही किफायतशीर होऊ शकते. शेतीवरील माणसांचा बोजा कमी करण्यासाठी उद्योगधंदे वाढविणे हाच अंतिम उपाय, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो आजही खरा आहे. परंतु तोवर त्या दोन एकरांच्या जोडीला आपण काय देतो, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे चुकीचे उत्तर आम्ही स्वतः एकदा दिले आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही मित्रमंडळींनी येथे वर्गणी जमवून एका गावातील आपल्या वस्तीसाठी कूपनलिका घेऊन दिली. पहिल्या वर्षी पाणी लागले, नारळ फुटला, छायाचित्रे आली. दुसऱ्या उन्हाळ्यात ती आटली. मोटार काढून ठेवली गेली आणि जमीन होती तशी कोरडवाहू राहिली. त्या फजितीनंतर आम्ही कृषी विद्यापीठाची पत्रके वाचली, शेतकऱ्यांशी बोललो, काही हंगाम शिवारात फिरलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. शेत बागायती होईल तेव्हा होईल. कोरडवाहू असतानाच त्याचे उत्पन्न किती वाढू शकते, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

आता आकड्यांकडे वळू. आपल्या देशात तुरीचे सरासरी उत्पादन हेक्टरी आठ क्विंटलांच्या आसपास घुटमळत आले आहे. म्हणजे एकरी जेमतेम तीन क्विंटल. त्याच जातीचे बी संशोधन केंद्राच्या शेतात किंवा जाणत्या शेतकऱ्याच्या रानात हेक्टरी पंधरा ते वीस क्विंटल देते. ही तफावत नशिबाची नव्हे. कडधान्य हे गरिबाचे पीक, हलक्या रानाचे पीक, आणि म्हणून दुर्लक्षाचे पीक, अशी जी समजूत रुजली तिचा हा परिणाम आहे.

कोरडवाहूपणा हा शाप नसतो, याचे उदाहरण मसुरीने दिले आहे. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात बर्फ धरूनही वार्षिक पर्जन्य मराठवाड्याच्या जवळपास निम्मेच. १९७० पूर्वी तेथे मसूर जवळजवळ अपरिचित होती. तेथील विद्यापीठाने चिकाटीने संशोधन केले, १९७८ साली ‘लेअर्ड’ आणि १९८० साली ‘एस्टन’ हे वाण दिले, आणि पुढे तो प्रांत जगाला मसूर पुरविणारा झाला. तेथील शेते हजारो एकरांची आहेत, आपली दोन एकरांची; तेव्हा त्यांची यंत्रे आपल्या कामाची नाहीत. परंतु चांगले बी, जमिनीची स्पष्ट मालकी, संशोधनातील सातत्य आणि बाजाराची व्यवस्था या चार गोष्टी तेथे एकत्र आल्या, आणि त्या गोष्टी एकरांवर अवलंबून नसतात.

प्रथम पाण्याचा विचार करू. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी पडले. मराठवाड्यात वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरला, तर एका एकरावर अठ्ठावीस लाख लिटर पाणी पडते.  प्रश्न पडण्याचा नाही, थांबण्याचा आहे. उताराला आडवी नांगरट आणि आडवी पेरणी केली, बांध नीट ठेवले, की वाहून जाणारे पाणी मुरते. पेरणीनंतर महिनाभराने ओळींमध्ये सरी पाडली की प्रत्येक सरी छोटा बंधारा होते. कोळपणीने तण जाते आणि भेगा बुजून ओल टिकते. म्हणूनच जुनी माणसे कोळपणीला एका पाण्याच्या तोडीची मानीत.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तूर पाण्याच्या टंचाईने जितकी मरते, तितकीच जुलै-ऑगस्टमध्ये पाणी साचल्यानेही मरते. काळ्या भारी रानात चार दिवस पाणी तुंबले की रोपे पिवळी पडून बसतात. यासाठी रुंद वरंबा आणि सरी ही पद्धत उपयोगी पडते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने, म्हणजे इक्रिसॅटने, काळ्या जमिनींसाठी ही पद्धत विकसित केली. वरंब्यावर पीक, सरीतून जास्तीचे पाणी बाहेर, आणि पाऊस कमी असला तर तीच सरी पाणी धरून ठेवते. एकाच नांगरटीने दोन्ही संकटांवर उपाय होतो.

दुसरा विचार बियाण्याचा. तुरीचे दोन मोठे शत्रू म्हणजे मर रोग आणि वांझ रोग. मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे राहते. भर फुलोऱ्यात उभे झाड वाळते. वांझ रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांमुळे पसरतो. झाड हिरवेगार वाढते, परंतु त्याला फूल लागत नाही. यांवर औषध शोधण्यापेक्षा रोगास दाद न देणारा वाण पेरणे हाच स्वस्त उपाय. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. तेथील बीएसएमआर ७३६ हा लाल दाण्याचा वाण आणि बीडीएन ७११ हा पांढऱ्या दाण्याचा वाण मराठवाड्यात सुपरिचित आहेत. बीडीएन ७११ सुमारे पाच महिन्यांत तयार होतो; जुने वाण सहा-सात महिने घेत. हा फरक कोरडवाहू शेतकऱ्यासाठी मोलाचा आहे, कारण जमिनीतली ओल संपण्यापूर्वी दाणा भरून होतो. भारी रानात उशिराचा वाण, हलक्या-मध्यम रानात लवकरचा वाण, एवढे तारतम्य ठेवले तरी पुष्कळ काही साधते.

हे वाण संकरित नसल्यामुळे बी घरचे ठेवता येते. मात्र मधमाश्यांमुळे तुरीत परपरागीभवन होते, शेजारच्या शेताचा गुण मिसळतो, म्हणून दर तीन वर्षांनी नवे शुद्ध बी घ्यावे. एकरी पाच किलो बी लागते आणि एकरी तीन क्विंटल इतकेच उत्पन्न आले, तरी एका एकरातून साठ एकरांचे बी तयार होते. हा हिशोब आपण लक्षात ठेवावा. व्याख्यानाच्या शेवटी आम्ही पुन्हा त्याकडे येणार आहोत.

तिसरी गोष्ट पेरणीची. बी पेरण्यापूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण तपासावी. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी आणि रायझोबियम हे जिवाणू संवर्धन बियाण्याला चोळावे. दहा किलो बियाण्याला रायझोबियमचे अडीचशे ग्रॅमचे एक पाकीट पुरते. या जिवाणूंच्या साह्याने तूर हवेतील नत्र स्वतःसाठी मिळविते आणि पानगळीतून जमिनीलाही काही देऊन जाते. पुरेसा पाऊस होताच, जुलैच्या मध्यापर्यंत पेरणी उरकावी. सलग तुरीत दोन ओळींत तीन फूट आणि दोन झाडांत वीतभर अंतर ठेवले, तर एकरात सुमारे बावीस हजार झाडे बसतात. आपल्या लोकांच्या शेतात झाडे मोजली तर कित्येकदा निम्मीच भरतात. कारण तूर ही बांधाबांधाने, उरलेल्या बियाण्याने, मोघ्यातून सोडलेली असते. खते आणि औषधे यांच्या गोष्टी मागाहून. जे झाड उभेच नाही ते शेंगा कोठून देणार?

सलग पीक परवडत नसेल तर आंतरपीक घ्यावे. पहिले दीड-दोन महिने तूर अगदी सावकाश वाढते. तेवढ्या काळात सोयाबीन, मूग किंवा उडीद बाजूला आपले आयुष्य पुरे करून घेतात. सोयाबीनच्या चार ओळींना तुरीची एक किंवा दोन ओळी, हे प्रमाण रूढ आहे. एक पीक गेले तर दुसरे हाती राहते. आपल्या आज्या-पणज्या ज्वारीत तूर लावीत, तीही अडाणीपणाने नव्हे. ज्वारीच्या सोबतीने तुरीतील मर रोग कमी होतो, असे पुढे संशोधनातही आढळून आले.

चौथी गोष्ट निगराणीची. पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने तुरीचे शेंडे खुडले की झाड उंच धावण्याऐवजी बगलेला फांद्या फोडते आणि फुलांच्या जागा वाढतात. यास एक पैसाही लागत नाही, दोन माणसांची दिवसभराची मजुरी लागते. कळी येताच शेंग पोखरणारी अळी येते. आठवड्यातून दोनदा झाडे पाहावीत. झाडाखाली पोते अंथरून झाड हलविले की अळ्या खाली पडतात. रानात काठ्या रोवून पक्ष्यांना बसायला जागा केली की पक्षी अळ्या टिपतात. पाच किलो निंबोळीच्या चुऱ्याचा अर्क शंभर लिटर पाण्यात करून कळीच्या सुमारास फवारला, तर अळीचे अंडी घालणे आणि खाणे आटोक्यात राहते. एवढ्यानेही भागले नाही, तरच रासायनिक औषध. आणि तेही हातमोजे, तोंडावर आवरण आणि वाऱ्याची दिशा पाहून. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे विषबाधेने दगावली. फवाऱ्याचा पंप पाठीवर कोणाच्या असतो, हे या सभागृहात सांगावयास नको.

पाचवी गोष्ट, एकच संरक्षक पाणी. फुलोरा येताना किंवा शेंगा भरताना तुषार सिंचनाने दोन सेंटिमीटर पाणी दिले, तर एकराला सुमारे ऐंशी हजार लिटर पुरतात. चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून एक लहान शेततळे केले, तर एवढे पाणी शक्य आहे. आमच्या कूपनलिकेने वर्षभर पाणी देण्याचे स्वप्न दाखविले आणि ते मोडले. तुरीला वर्षभराचे पाणी नकोच आहे. तिला योग्य आठवड्यातले एक पाणी हवे आहे.

बंधू-भगिनींनो, येथवरची सर्व माहिती कोणत्याही कृषी मेळाव्यात मिळेल. येथून पुढचे मात्र आपले आपणच बोलले पाहिजे. ही साधने कोणापर्यंत पोहोचतात? पीक कर्ज, पीक विमा, अनुदानाचे बियाणे, हमीभावाच्या केंद्रावरील नोंदणी, या सर्वांच्या दारात सातबाराचा उतारा मागितला जातो आणि त्यावर पिकाची नोंद पाहिली जाते. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याची तूर सरकारच्या दृष्टीने उगवलेलीच नसते. मग ती व्यापाऱ्याच्या दारात, तो सांगेल त्या भावाने जाते.

मराठवाड्यात आपल्या समाजाच्या ताब्यातील जमीन मोठ्या प्रमाणावर गायरानाची आहे. ती कोणी दान दिलेली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा जो सत्याग्रह झाला, त्यात लाखो माणसांनी, मांडीवर मूल घेतलेल्या स्त्रियांनीसुद्धा, तुरुंग पत्करला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९१ साली काढला. ती तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची होती. तरीही तीस-तीस वर्षे जमीन कसणाऱ्या कित्येक कुटुंबांच्या नावे आजही उतारा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावाच्या सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले. परंतु शासकीय अधिसूचनेने भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांसारखी उदाहरणे अपवाद म्हणून त्याच निकालात नमूद आहेत. म्हणजे कागद असेल तर संरक्षण आहे, कागद नसेल तर नोटीस आहे. जो मनुष्य पुढच्या वर्षी आपण या रानात असू की नाही याचीच खात्री बाळगू शकत नाही, तो बांध कशाला घालील आणि शेततळे कशाला खोदील? पिकातली तफावत तलाठ्याच्या दप्तरापासून सुरू होते, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

भूमिहीनांसाठी दादासाहेबांच्याच नावाने २००४ साली सबलीकरण व स्वाभिमान योजना सुरू झाली. चार एकर जिराईत अथवा दोन एकर बागायती जमीन देण्याची ती योजना असून २०१८ पासून शंभर टक्के अनुदानाची आहे. विधवा आणि परित्यक्ता भगिनींना तीत प्राधान्य आहे. आपल्या गावी किती जणांना ती ठाऊक आहे, हे प्रत्येकाने पुढच्या दूरध्वनीत विचारावे.

बाजाराचा फटकाही विसरता येत नाही. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. शेतकऱ्यांनी तूर वाढविली. २०१६-१७ च्या हंगामात विक्रमी पीक आले आणि बोनससह क्विंटलला ५०५० रुपये हमीभाव असताना बाजारात त्याहून कमी भावाने तूर विकावी लागली. खरेदी केंद्रांबाहेर पोत्यांच्या थप्प्यांवर माणसे रात्रंदिवस बसून राहिली. म्हणून पीक वाढविण्याचा सल्ला देताना आम्ही सावध आहोत. पहिले उद्दिष्ट घरची डाळ, दुसरे कमी खर्च, आणि तिसरे विक्री. खर्चाचा बोजा वाढवून क्विंटल वाढविणे हे आपल्या माणसाला परवडणारे नाही. आम्ही सांगितलेल्या उपायांपैकी बहुतेक काम मेहनतीचे व वेळ साधण्याचे आहे, उधारीचे नाही.

मग आपण येथून काय करावे? आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, मंडळाने कूपनलिका आणि इमारतींऐवजी कागदपत्रांसाठी निधी ठेवावा. गायरानधारकांचे पुरावे गोळा करणे, मोजणीची फी, अर्ज आणि वकिलाचा सल्ला, एवढ्यासाठी लागणारी रक्कम आपल्या एका संध्याकाळच्या मेजवानीएवढी असेल. दुसरी, प्रत्येक सभासदाने आपल्या गावातील एका एकराचे शुद्ध बी पुरवावे. त्या एकरातील बी पुढच्या हंगामात वस्तीत वाटावे. मात्र जुन्या सावकाराची सवाई-दिडी आपल्या हातून नको. पाच किलो घेतले त्याने पाच किलोच परत द्यावे. तिसरी, तुषार संच, कोळपी आणि फवारणीचे संरक्षक कपडे वस्तीच्या सामायिक मालकीचे करावेत, आणि त्यांचा हिशोब महिला मंडळाकडे द्यावा. खुरपणी त्याच करतात, शेंडे त्याच खुडतात, बी मडक्यात राख घालून त्याच जपतात. हिशोबही त्यांच्याच हाती असावा.

आणखी एक नाजूक गोष्ट सांगून थांबतो. आपल्यापैकी काहींच्या नावे गावी अजून जमीन आहे. ती पडीक आहे, किंवा दुसऱ्याने धरली आहे, किंवा भावाला उतारा न देता नुसती कसावयास दिली आहे. भाऊ राबतो, परंतु कर्जासाठी आणि विम्यासाठी त्याला आपली सही लागते, आणि आपण तर येथे. वाटणीचा कागद करून द्या, संमतिपत्र द्या, जे कायद्याने योग्य असेल ते करा. परंतु त्याला मोकळे करा. जमिनीच्या मोहाविरुद्ध आपल्या पूर्वजांनी लढा दिला. त्या मोहाने आपणच आपल्या भावाच्या वाटेत उभे राहू नये.

१९५६ साली याच दिवशी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जी लाखो माणसे आली, त्यांत पायी आलेली, भाकरी बांधून आलेली, दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणारी माणसे फार होती. त्यांनी आपल्याला जे दिले त्याची परतफेड होऊ शकत नाही. परंतु पुढच्या जूनमध्ये पाऊस पडेल तेव्हा त्यांच्या नातवंडांच्या हातात चांगले बी असावे, आणि त्यांच्या नावावर उतारा असावा, एवढे आपण निश्चित करू शकतो. बियाण्याची मागणी एप्रिलपूर्वी नोंदवावी लागते. कार्यक्रमानंतर दाराशी एक वही ठेवली आहे. आपल्या गावाचे नाव त्या वहीत लिहून मगच भोजनास जावे, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!